सरांचा पॅच

वाळूजच्या कंपनीतली नोकरी सांभाळून मी एक बिनपगारी काम करते. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. आमच्या कर्नेलमध्ये जगभरातली माणसं आपापली भर घालतात आणि त्यातला छोट्या सेन्सरांच्या ड्रायव्हरचा, म्हणजे सेन्सर संगणकाशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, एक कोपरा माझ्याकडं आहे. कुणी नवा ड्रायव्हर किंवा दुरुस्ती पाठवली, की त्या पॅचची मी ओळ न् ओळ वाचते, चुका कळवते आणि नीट झाला की आत घेते. हे सगळं ईमेलच्या यादीवर, उघड्यावर चालतं. कुणाची काय चूक निघाली ते कुणीही वाचावं.

मागच्या हिवाळ्यात मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर आला. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कॉलेजात मला प्रोग्रॅमिंग शिकवलेले सर. निवृत्तीनंतर ते गंगापूरकडच्या शेतावर जाऊन-येऊन असतात, एवढंच ऐकून होते.

पॅचमध्ये बऱ्याच चुका होत्या. मी त्या लिहिल्या, फक्त प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा मऊ करत बसले. सरांचं उत्तर आलं. त्यात मला 'मॅडम' म्हटलं होतं, आणि त्रास दिल्याबद्दल माफी मागितली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, त्यात काय, तिथं सगळे असंच लिहितात. पण त्याला सरांनी फळ्यापाशी उभं केलेलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बहुतेक सगळं दुरुस्त होऊन आलं. एकच राहिलं होतं: सेन्सर सापडला नाही, तर त्याच्यासाठी सुरू केलेला वीजपुरवठा परत बंद करायचा. मला ते दिसलं. पण पुन्हा चूक दाखवायची आणि पुन्हा त्यांची माफी वाचायची, हे नको वाटलं. मागाहून आपणच गुपचूप नीट करू असं ठरवून मी 'तपासलं' म्हणून माझं नाव घातलं आणि पॅच आत घेतला. नीट करायचं मात्र राहूनच गेलं.

माझं काम पुढं ज्यांच्याकडं जातं, त्या वरिष्ठांनी ते पकडलं. पॅच बाहेर काढून त्यांनी यादीवरच विचारलं, की तपासणाऱ्याला हे दिसलं कसं नाही? मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सरांचं आलं. चूक सर्वस्वी माझी आहे, मॅडमना बोल लावू नये.

त्या रविवारी मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. सरांनीच दार उघडलं. काकूंनी चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि आत गेल्या. सर बराच वेळ सेन्सरबद्दलच बोलत होते. मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुला दिसलं होतं का ते?"

"हो, सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं सांगू. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"वर्गात तुझं चुकलं की मी सांगत होतो ना? तू शिकशील असं वाटायचं, म्हणून. मला वाटलं, तूही माझ्याबद्दल तसंच समजत असशील."



घरी आल्यावर मी यादीवर लिहिलं, की चूक मला दिसली होती आणि मी ती सोडून दिली. वरिष्ठांनी 'ठीक' एवढंच कळवलं. सरांनी नवा पॅच पाठवला. मी तो नव्या नजरेनं वाचला, एक बारीक खोट निघाली, ती न मऊ करता लिहिली. त्यांनी सुधारली. ड्रायव्हर आत गेला, आता तो सगळीकडं चालतो.

सर अजूनही पॅच पाठवतात. हल्ली ते कर्नेलच्या दुसऱ्या भागात असतात, तिथं तपासणारा कुणी परदेशी माणूस आहे. फार कडक आहे म्हणतात. त्याला सरांनी दिलेली उत्तरं मी यादीवर वाचते. आमच्या भागात का पाठवत नाही, हे त्यांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.