अंतरपाट कुणी ओढला

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. कढी होती, आणि काळजी असली की मी कढी पीत सुटते. डिसेंबरातली दुपार, साताऱ्याचा गारवा, म्हणून गोधडी गळ्यापर्यंत ओढते आणि स्वतःला बजावते की झोपायचं नाही, नुसतं पडायचं. पाच वाजता मिहिर आणि त्याचे आईवडील येणार आहेत. त्यांना चहाबरोबर उत्तर द्यायचंय.

उत्तर मी द्यायचंय, हीच पंचाईत. आमची एकुलती एक ऋता आजवर आलेली स्थळं पीठ चाळावं तशी चाळत आली. आणि मध्यंतरी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली, ती पकडायला हा मिहिर आला. शाळेत विज्ञान शिकवतो आणि हौसेने साप पकडून रानात सोडतो. त्याने धामण पिशवीत घातली आणि त्याच पिशवीत आमची मुलगीही गेली. पाहताक्षणीच कळलं म्हणते. सकाळी बाहेर पडताना मात्र तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, ही भूल आहे. तू सांग आई. तू नाही म्हणालीस तर मी ऐकेन."

तिच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. भूल की प्रेम, यावर त्यांचं नि माझं भांडण मात्र जन्मभर चाललं. मी म्हणायची, अंतरपाट पडला, तुम्हाला पाहिलं आणि मी तुमची झाले. ते म्हणायचे, ती भूल. मला प्रेम झालं ते तू टायफॉइडमधून उठलीस तेव्हा, लग्नाच्या चौथ्या वर्षी. चारचौघांत सांगायचे. म्हणजे त्याआधी काय भाड्याने राहत होते? मी कधी हार मानली नाही. पण भांडण जिंकणं वेगळं आणि पोरगी देणं वेगळं. माझ्या बाजूचं मला ठाऊक आहे. त्यांच्या बाजूला त्या क्षणी खरोखरच काही नसेल, तर एका हाताने टाळी वाजत नाही, आणि मग ऋताला मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?

शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू होते. तो आवाज लांब लांब जातो. पायथ्याशी पलंग दबतो.

हे बसलेत, चपला घालून.

"चपला बाहेर," मी म्हणते.

ते निमूटपणे चपला काढतात. अंगात तो तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर आहे, जो मी स्वतः देऊन टाकला होता. हातात मोजणीचा टेप. जन्मभर सरकारी मोजणी खात्यात काढली, गेल्यावरही सुटलेला दिसत नाही. मी त्यांना धामणीपासून सगळं सांगते. बांधाचं भांडण ऐकावं तसं ते दोन्ही बाजूंनी ऐकून घेतात आणि म्हणतात की मोजल्याशिवाय काही बोलू नये, बघून येऊ.

आम्ही उठत नाही, पण पलंग पार्किंगमध्ये आहे. स्कूटरखाली धामण सुंभासारखी वेटोळं करून पडलीय. जिन्याच्या पायरीवर ऋता हातात झाडू घेऊन उभी आणि समोर गुडघ्यावर मिहिर. दोघं एकमेकांकडे बघतायत, हलत नाहीत, आणि धामणही त्यांचं आटपायची वाट बघतेय. हे वाकून टेपचं एक टोक ऋताच्या पायाशी ठेवतात, मिहिरपर्यंत जातात, आकडा बघतात, डोकं खाजवून परत येतात. पुन्हा मोजतात. हातभर अंतर, पण टेप पुरत नाही. मला हसू येतं. या माणसाने मंगळवेढ्याकडचा सगळा कालवा मोजलाय.

"कुमुद, हे मोजता येत नाही," ते शेवटी म्हणतात.

मी विचारते, मग भूल मोजता येते का?

"येते. रोज थोडी कमी भरते."

त्यांच्या हातातला टेप रुंद होत जातो. पांढरा होतो, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं. एक टोक यांच्या दिनूमामांनी धरलंय, दुसरं गुरुजींनी. कापड वर चढतं आणि हे पलीकडे नाहीसे होतात.

मांडव भरलाय. मी आहे तशीच आहे, भेगाळलेल्या टाचांची, पिकल्या केसांवर मुंडावळ्या बांधलेली, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही तेव्हा एकमेकांना पाहिलेलंच नव्हतं. यांना कालव्याच्या कामावरून रजा मिळेना, म्हणून सासूबाई आणि दिनूमामा मला पसंत करून गेले. मला यांचा एक फोटो दाखवला, त्यात मोजणीच्या दुर्बिणीमागे नुसती टोपी दिसत होती. आता यांचे काका स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणतायत. सूर कुठल्या कुठे, आणि झाडून सगळ्या सोयऱ्यांची नावं गुंफलेली, त्यामुळे 'सावधान' काही येत नाही. वैतागून माझा उजवा पाय जमिनीवर ठेका धरतो, तेव्हा धरला होता तसाच.

आणि कापडाच्या खालच्या काठाशी एक बोट येतं.

बोटात आदल्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी घातलेली अंगठी. बोट काठात अडकतं, हिसका देतं, चर्र आवाज होतो आणि अंतरपाट खाली. 'सावधान'च्या आधीच. दिनूमामांचा हात सुटला, असं तेव्हा सगळे म्हणाले. मुहूर्ताआधी नजरानजर झाली, आता हे निभायचं नाही, म्हणून सासूबाईंनी शांत करून घेतली. मामांच्या हाती त्यानंतर कुठल्याही लग्नात कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही.

मी ते बोट पकडते. समोर हे उभे आहेत, सव्वीस वर्षांचे, मिशीत अक्षता, कानापर्यंत लाल.

"तुम्ही ओढलात?"

"पाय दिसत होते तुझे," ते म्हणतात. "काका गातायत आणि तुझा पाय चिडून ठेका धरतोय. म्हटलं, या पायांची बाई कोण, ते आत्ताच बघितलं पाहिजे. पाय बघून खुळा झालो, आणि तोंड बघितल्यावर शहाणा झालो."

"मग टायफॉइडचं काय सांगत होतात जन्मभर?"

ते खाली बघतात. आईने ती नजर अशुभ ठरवली, तेव्हाच यांनी मनाशी ठरवलं म्हणे की ती नजर धरायचीच नाही, झालीच नाही म्हणायचं. मग मी तापाने फणफणले, आणि हे दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्याच बोटाकडे बघत राहिले.

"वाटलं, माझ्या घाईचं फळ तू भोगतेयस," ते म्हणतात. "तू उठलीस. मग म्हटलं, मोजायचं ते इथून पुढे मोजू. मागचं कुणाला दाखवायचं नाही."

मला राग येतो, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होतो. जन्मभर मी जिंकलेलीच होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यावर इतकं प्रेम होतं की त्याची यांना भीती वाटली. मी बोट सोडत नाही. दिनूमामा रिकाम्या हातांकडे बघत मोठ्याने म्हणतात, "सुटलो रे बाबा." काकांना एकदाचं 'सावधान' सापडतं. ताशा कडकडतो, अक्षतांचा नुसता मारा होतो, आणि त्या गोंधळात मी ओरडून विचारते, ऋताला काय सांगू?

"माझ्या नावावर हो सांग," ते म्हणतात. "आणि मामावरचा आळ पुसून टाक."

ताशा दारावरच्या घंटीसारखा वाजू लागतो. घंटीच आहे. उजेड तिरपा झालाय. मी उठायला बघते, तर उजव्या हाताचं बोट कशात तरी अडकलंय.

गोधडीत अडकलंय. ही गोधडी मी आमच्या लग्नातल्या कपड्यांची शिवून घेतली होती. वरचा पांढरा तुकडा अंतरपाटाचा, स्वस्तिक आता चहाच्या डागाएवढं उरलंय. त्याच्या काठाला एक भोक आहे. कसर लागली असेल म्हणून मी इतकी वर्षं त्याकडे बघितलंही नव्हतं. आता बघते. कसरीचं नव्हेच ते. कापड खालच्या बाजूला फाटत गेलंय, आणि तेही काठाच्या अगदी मधोमध. दिनूमामा तर टोकाला उभे होते, त्यांचा हात इथे पोचणं शक्यच नव्हतं. इथे फक्त नवरा-नवरी उभे असतात, आणि मी तर ओढला नव्हता.

"आई, आले ते," कधीतरी परत आलेली ऋता बाहेरच्या खोलीतून म्हणते. आवाज एवढासा झालाय तिचा. "काय सांगायचं?"

"साखर काढ," मी म्हणते. "तुझ्या बाबांनी हो म्हटलंय."

ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहते. मी बोट भोकातून काढत नाही. गोधडी तशीच शालूच्या पदरासारखी खांद्यावर घेते आणि दार उघडायला जाते.