डोहात उभी आई

नातीनं फोनवर समुद्रातल्या प्रवाळाचा व्हिडिओ दाखवला. मासे मारायला कुणीतरी सुरुंग टाकला, आणि ती रंगीत बाग क्षणात पांढरा चुरा होऊन तळाशी बसली. तो दबका आवाज ऐकून मला आमच्या गावचा डोह आठवला.

साठ-पासष्ट सालचं कामशेतपलीकडचं आमचं गाव. जवळच धरणाचं काम चालू होतं. नदीच्या डोहातले मासे देवाचे. बायका त्यांना चुरमुरे घालायच्या, गळ कुणीच टाकत नसे. एका दुपारी धरणावरचे दोन कामगार सुरुंगाची कांडी घेऊन काठावर आले. धुणं धुणारी आई उठली आणि लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

"मावशी, भाईर निघा! मराल!" त्यातला एक ओरडला.

"टाक की. मी न्हाई हलायची."

चुरमुरे आले असं वाटून मासे तिच्याभोवती गोळा झाले. मी काठावरून त्या माणसाच्या हातातल्या काडेपेटीकडे बघत होते. शेवटी त्यानं कांडी पिशवीत टाकली आणि दोघं शिव्या देत निघून गेले.

माशांपायी आई मला सोडून मरायला निघाली होती, याचा मला कितीतरी दिवस राग होता.

आता डोहावर वरच्या बंगल्यांच्या सांडपाण्याचा फेस असतो. परवा दोन मासे पोट वर करून तरंगत होते. मी चपला काढल्या, पाण्यात पाय घातला आणि थांबले. आईसमोर निदान काडेपेटीवाला माणूस तरी होता. मी कुणासमोर उभी राहू?