ओवीचे दुधाचे दात आणि नाना

माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत चौथीच्या वह्या तपासत होते. "नाना गेले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं... आणि हातातली वही पूर्ण तपासून मगच उठले. आता ते आठवलं की माझंच मला नवल वाटतं. पण त्यांच्या पक्षाघातानंतरच्या महिन्यांनी आम्हाला इतकं दमवलं होतं, की रडण्याआधी मला फक्त कुठेतरी पाय पसरून बसावंसं वाटलं.

नाना म्हणजे माझे सासरे. कळसाडीत त्यांची ऊस-कापसाची शेती. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. ओवी दहा महिन्यांची झाली आणि मी पुन्हा शाळेत रुजू व्हायचं ठरवलं, तेव्हा तिला कोण सांभाळणार हा प्रश्न नानांनी फार वेळ टिकूच दिला नाही. "तू जाय कामले, बेटा. मी शे ना," ते म्हणाले. स्वतःच्या पोरांना त्यांनी कधी कडेवर घेतलं नव्हतं, असं गल्लीतल्या बायका सांगायच्या. तेच नाना शेत सालदार गड्यावर सोपवून दिवसभर नातीच्या मागे फिरू लागले. ती झोपावी म्हणून तिच्या बाटलीत गुळाचं पाणी भरायचे, रडली की बोटाने गूळ चाटवायचे. बाटली तोंडात धरूनच ती झोपून जायची. गूळ घरच्या उसाचा, त्यात वाईट ते काय असणार, हा त्यांचा साधा हिशेब होता.

ओवीच्या वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसू लागली. पुढे ती पिवळी झाली, मग तपकिरी. मी बोलले तर ते हसले. "दूधना दात शेतस, पडीच जातीन. नवा येतीन." बाटलीवरून आमचे खटके उडाले, दोन-दोन दिवस अबोला झाला. शाळेतून थकून आल्यावर भांडायलाही अंगात त्राण नसायचं. शेवटी एके सकाळी ओवी उठली ती ओठ आणि गाल सुजवूनच. अंगात ताप. घोटभर पाणीही तिच्याने पिववेना.

शहाद्याच्या दातांच्या डॉक्टरीण बाईंनी आधी औषधं दिली, सूज उतरल्यावर पुढचे चार दात काढले. ओवी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. नाना बाकड्यावर बसले होते, मग उठून जिन्यात गेले, पुन्हा आले. तोंडात कापूस धरलेली ओवी बाहेर आली आणि नेहमीसारखी त्यांच्याकडे न जाता माझ्याच मानेला चिकटली. नाना खाली बघत म्हणाले, "मन्हा गूळनी वाट लाई टाकी पोरना दातस्नी."

मग ते उठून आत गेले. म्हणाले, "बाई, आते उरेल दातस्नं कसं करानं ते माले दखाडा." बाईंनी त्यांना ओवीला मांडीवर आडवं घेऊन दाखवलं. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट, हिरडीपासून हळूहळू गोल फिरवायचं, मागच्या दाढा विसरायच्या नाहीत. सकाळी एकदा आणि रात्रीचं जेवण झाल्यावर एकदा. त्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर, मधे मधे नाही. आणि मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसानेच फिरवायचा, कारण त्या वयात मुलांचा हात नीट चालत नाही.

घरी आल्यावर बाटली त्यांनी स्वतःच फेकली. पहिला आठवडा वाईट गेला. ओवी ब्रश बघून पळायची, एकदा तर नानांच्या अंगठ्याला कडकडून चावली. गल्लीतले लोक हसायचे, "नाना, तुमना तोंडमा एक दात नही, आनि नातना दात घासी ऱ्हायनात!" नाना म्हणायचे, "मन्हा गयात म्हनीसनच घासस." पाहुण्यांनी आणलेली चॉकलेटं ते दारातच मागून घ्यायचे आणि जेवायच्या वेळीच बाहेर काढायचे. जेवणं झाली की मी भांड्यांना लागायची, आणि मागे खाटेवरून त्यांची काहीतरी पुटपुट ऐकू यायची. काय पुटपुटतात, हे विचारायची मला कधी उसंत झाली नाही. ओवीच्या मागच्या दाढा मात्र टिकल्या. एकीलाही कीड लागली नाही.

मग एका दुपारी बांधावरच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शाळा, ओवी आणि नानांचं अंथरूण... दिवस कधी उजाडायचा आणि कधी मावळायचा, कळायचं नाही. ओवी आपले दात आपणच कसेबसे घासून घ्यायची. भरवल्यानंतर घास त्यांच्या गालात अडकून राहायचा. बोटाला ओलं फडकं गुंडाळून मी तोंड पुसायला जायची, तर ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एकदा ओवी जवळ येऊन उभी राहिली. "नाना, आ करा." आणि नानांनी तोंड उघडलं. त्यानंतर रोज तीच सांगायची आणि मी पुसायची.

आता नाना गेल्यापासून संध्याकाळी जेवणं झाली की मी त्यांच्या खाटेवर बसते. पहिल्या दिवशी मी ओवीचं डोकं मांडीवर घेऊन भराभर ब्रश फिरवला आणि उठू लागले, तर तिने माझा हात धरला.

"मम्मी, गाव घे ना."

"कसलं गाव?"

मग तिने सांगितलं. नाना म्हणे ब्रशची एसटी चालवायचे. मागची दाढ म्हणजे कळसाडी, तिच्या पुढची शहादा, प्रत्येक थांब्यावर गाडी थोडी उभी राहायची. खालच्या शेवटच्या दाढेला मोलगी, तिथे घाट म्हणून अगदी हळू. आणि पुढची रिकामी जागा म्हणजे तापीवरचा पूल.

मी पुन्हा बसले. त्या पुलाच्या जागी आता नव्या दाताची करवतीसारखी कड हिरडीतून वर आली आहे. कळसाडी, शहादा... जमेल तशी गाडी नेत राहिले. झोपेने माझे डोळे मिटत होते.

"मम्मी," तोंडात फेस घेऊनच ओवी म्हणाली, "सारंगखेडा ऱ्हाई गयं."

मी गाडी मागे घेतली.