झुंबरबाईचा गडगा

झुंबरबाई पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाशी धरी.

तिच्या चुलीवर लसणाची फोडणी कधी पडत नसे.

कुणाच्या दारात बैल बांधलेला दिसला, की आधी ती त्याच्या तोंडाखालची जमीन बघे. माणसांची खुशाली मग विचारी.

शेतातून येताना डोकं रिकामं नसे. चुंबळीवर एक दगड असेच.

कुणी चुलीसाठी विस्तव दिला तरी "उपकार झालं बाबा" म्हणे, आणि थोडं पुढं गेल्यावर मागं वळून पुन्हा म्हणे. इंदुरीच्या अलीकडच्या त्या वाडीत पोरं तिची नक्कल करीत. तिला राग येत नसे. "नीट करा रं," ती म्हणे. "दोनदा म्हना. एकदाच म्हनून सुटता व्हय?"

या सगळ्या सवयींचं मूळ एकाच उन्हाळ्यात होतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. पलटणींना बूट हवे होते, म्हणून वाडीच्या ओढ्याकाठी कातडी कमावायचा कारखाना आला. डोंगरातल्या वाड्यांवरचे लोक कातडी कमवायला लागणाऱ्या हिरड्याच्या पाट्या घेऊन खाली येऊ लागले. कातड्यांचे केस झडावेत म्हणून कारखान्यात ती चुन्यात आणि कसल्याशा पिवळ्या भुकटीत भिजत घालत. उरलेला गाळ ओढ्याच्या काठावर टाकत. केसाळ, पांढुरका, ओला गाळ. ढीग वाढला तसा मुकादम म्हणाला, "हवा तेवढा न्या. खत आहे."

मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी वाफा भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या एकावर एक रचायच्या, वर माती लोटायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. याला राब म्हणतात. राब चांगला भाजला की रोप तरारून येतं, तण येत नाही. त्या वैशाखात झुंबरबाईच्या मनात आलं, की मातीऐवजी हा गाळच वर घालावा. केस जळतील, चुना मुरेल, खत आयतं. तिचा नवरा कोंडाजी म्हणाला, "तुजं डोस्कं म्हंजे डोस्कं." त्यानं गाडीभर गाळ आणून वाफ्यावर पसरला.

राब पेटला. धुराला लसणाचा वास येऊ लागला. शेजारची रतनबाई बांधावरून ओरडली, "आगं झुंबरे, शेतात फोडनी घातलीस का काय?" सगळे हसले. कोंडाजी विस्तव सांभाळत धुरातच उभा राहिला.

सकाळी बैल सोडले. त्यांना राख खारट लागली असावी. दोघंही वाफ्यावर जाऊन ती चाटत बसले. झुंबरबाईनं पाहिलं आणि चाटू दिलं. तिला वाटलं, मीठ मिळतंय.

दिवस मावळायच्या आत दोन्ही बैल आडवे झाले. ते पुन्हा उठले नाहीत.

कोंडाजी वाचला. पण त्याच्या पायांना मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. पुढं तळपाय बधिर झाले. तो काठ्यांवर आला.

कारखान्यात बजरंग नावाचा कामगार होता. पाणवठ्यावर त्यानं तिला गाठलं.

"मावशी, त्या गाळातली पिवळी भुकटी म्हंजे हरताळ. जहर हाय ते."

"मंग आदी का न्हाई बोललास?"

"आदी कुनी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. मान खाली घालून म्हणाला.

ती त्याच्यावर चिडली नाही. त्यानं निदान आता सांगितलं. गाळाच्या ढिगाला लागूनच ओढा वाहत होता, आणि तोच ओढा सगळी वाडी पीत होती. तिनं राख फडक्यात बांधली आणि वडगावला मामलेदार कचेरीत जाऊन बसली. शिपायानं उठवलं की बाहेर जाई, पुन्हा आत येई. शेवटी साहेबानं बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एक दिवस घोड्यावरून येऊन ढीग पाहिला, पाणी पाहिलं, कोंडाजीचे पायही पाहिले.

हुकूम निघाला. गाळ ओढ्यापासून लांब माळावर, चिकणमाती ठासलेल्या खड्ड्यात टाकायचा. कुणाला खत म्हणून द्यायचा नाही. मुकादम कुरकुरला, पण खड्डे खणले गेले. झुंबरबाईला साहेबाचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. दर दिवाळीत ती उंबऱ्यावर एक पणती जास्त लावी. "ही वडगावच्या सायबाची," म्हणे.

युद्ध संपलं. बुटांची मागणी संपली. कारखान्यानं पत्रे काढून नेले, खड्ड्यांवर माती लोटली, आणि तो गेला. पाचसात पावसाळ्यांत माळ हिरवागार झाला. नव्या सुना विचारू लागल्या, एवढ्या चांगल्या गवताला मावशी हात का लावू देत नाही?

मग वाडीला शाळा मंजूर झाली. मुलं तोवर मारुतीच्या देवळात बसत, आणि पावसात अर्धी पोरं मारुतीच्या पाठीशी जाऊन उभी राहत. लोकल बोर्डाचा ओव्हरसियर जागा पाहायला आला. दत्तोबा पाटलानं त्याला थेट कारखान्याच्या माळावर नेलं. सपाट, रस्त्याकडेची, कुणाच्या मालकीची नाही. विहीरही तिथंच पाडू, असं ठरत आलं.

झुंबरबाई मध्ये जाऊन उभी राहिली.

"हितं शाळा नको."

"म्हातारे, किती वरसं झाली त्याला!" पाटील म्हणाला. "जहर काय चिरंजीव असतं? गवत बघ कसलं माजलंय."

"व्हय, माजलंय. मंग तुमचा खिलारी बैल आना. हितली माती उकरून टाका त्याच्या म्होरं. एक दिस बांधा. काय झालं न्हाई, तर मी सोता पाया खनते."

लोक हसायला लागले. पाटलाचा तो बैल म्हणजे त्याचा जीव. इंदुरीच्या बाजारातही त्याला कुणी हात लावलेला पाटलाला खपत नसे. पाटील माळाकडं बघत राहिला. मग त्याची नजर आपल्या नातीकडं गेली. चिंगी गवतात बसून फुलं तोडत होती.

"चिंगे," तो मोठ्यानं म्हणाला, "ऊठ तितनं."

तेवढ्यावर वाद मिटला.

ओव्हरसियर शहाणा माणूस होता. तो चिडला नाही. "बाई, तुमचं ऐकलं," तो म्हणाला. "पण दुसरी सपाट जागा दाखवा. नाहीतर मंजुरी परत जाईल."

वाडी उतारावरची. दुसरी सपाट जागा एकच होती. झुंबरबाईचं खळं. शेणानं सारवलेलं, टणक, पिढ्यान्पिढ्या मळणी झालेलं. ते गेलं तर तिचं भात मळायचं कुठं? तिनं कोंडाजीकडं पाहिलं.

कोंडाजी काठ्यांवर रेलून म्हणाला, "देऊन टाक. मला तसंबी बैलामागं फिरवत न्हाई."

तिनं खळं दिलं.

ओव्हरसियरनं जाताना सांगितलं, की माळावर कुणी नांगर घालायचा नाही, विहीर पाडायची नाही, गुरं सोडायची नाहीत. भोवती दगडांचा गडगा घालावा. बोर्ड शाळा बांधेल, गडगा मात्र गावानं घालायचा. गाव म्हणालं, घालू. भात निघू दे. भात निघालं, हरभरा आला, हरभरा निघाला. झुंबरबाईनं वाट पाहिली नाही. येता जाता डोक्यावर एक दगड आणायचा आणि रचायचा. पुढं बायका दगड आणू लागल्या. बाजारातून परतताना गाडीवान एखादा दगड टाकून जात. शाळेतली पोरं आणत ते दगड लहान असत. ते ती सांधीत बसवी. "ह्याबिगर मोटा दगूड बसत न्हाई," म्हणे, आणि प्रत्येक पोराला दोनदा उपकार झालं म्हणे.

खळं दिलं त्या वर्षी मळणीची वेळ आली तेव्हा पाटलानं आपलं खळं सारवून घेतलं आणि निरोप धाडला, "पयली मळनी झुंबरबाईची. मंग आमची." पाटलाचा खिलारी बैल तिच्या भातावर फिरला. कोंडाजी कडेला बसून त्याला हाका घालत होता. झुंबरबाई पदरात तोंड घालून रडली. पाटील म्हणाला, "आता दोनदा म्हन."

तिला एकदाही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी पहिली मळणी तिचीच होती. कोंडाजी गेल्यावरही.

गेल्या भाद्रपदात, भर दुपारी, चिंगी तिला जेवायला बोलवायला माळावर गेली. चिंगी आता मोठी झाली होती. झुंबरबाई गडग्याला पाठ टेकून बसली होती. चिंगीला वाटलं, डोळा लागला. तिनं दोनदा हाक मारली. चुंबळ मांडीवर होती. आणलेला दगड शेजारी होता, अजून न रचलेला.

सगळी वाडी आली. पाटलानं तो दगड उचलून हातात धरला. कुठं बसवायचा ते त्याला सुचेना. त्यानं तो होता तिथंच ठेवला.

गडगा तीन बाजूंनी पुरा आहे. ओढ्याकडच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढी जागा उघडी आहे. तिथं तिनं लावलेल्या बोरीच्या काटेरी फांद्या आहेत. त्या वाळल्या आहेत.