बेताचं मीठ

नात्यांचे घोळ जगात पुष्कळ असतात, पण काकी आणि मामा नवरा-बायको आहेत असं घर बहुधा एकच असेल. ती कारखान्याच्या कॅन्टीनात रांधायची, म्हणून ती सगळ्यांची काकी. तो तिथलाच वाढपी, कुणाचं ताट रिकामं दिसलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून तो सगळ्यांचा मामा. दोघांनी लग्न केलं तेव्हा फिटर लोकांनी विचारलं होतं, "आता मामाला काका म्हणायचं की काकीला मामी?" काकी म्हणाली, "आधी जेवा, मग नाती लावा." जेवणं झाली, नाती लावायची राहून गेली.

दोघंही कामावरून घरी बसली त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. आणि अशात बंदरावरच्या एका हॉटेलातून काकीला बोलावणं आलं. तिथला आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तो तरुणपणी तिच्याच हाताखाली कांदे चिरून रडलेला. आता त्याचे गुडघे गेले होते, तो लेकीकडे जाऊन राहणार होता, आणि जाता जाता त्याने मालकीणबाईंच्या कानात काकीचं नाव घातलं होतं. दोन दिवस येऊन राहा, आमच्या हातचं खा, जागा बघा. निघायच्या दिवशी दुपारचा स्वयंपाक तुम्ही करा. जमलं तर स्वयंपाकघर तुमचं आणि वरची पाण्याकडची खोलीही तुमची.

मामाने त्या खोलीत पाऊल टाकलं आणि तो खिडकीचाच झाला. खाली बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, म्हशी पाण्यात बसाव्यात तशा. दोर करकरत होते. बर्फाच्या पेट्या ओढत माणसं एकमेकांना शिव्या देत होती, पण प्रेमाने.

"अगं, इकडे ये, बघ तरी."

"बघितलं."

"इथे बसून म्हातारं व्हायला काय हरकत आहे?"

"व्हायचे काय राहिलात?" काकी म्हणाली आणि घडी न मोडलेली चादर झटकून पुन्हा घातली. मग खुर्ची सरकवली. मग जिथली तिथे ठेवली.

तिचं बूड टेकत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप गेला तो जाताना तिचं नाक आणि जीभ घेऊन गेला. तिला कळलं ते असं, की चुलीवर दूध करपून कोळसा झालं, धूर आढ्याला लागला, आणि ती शेजारीच पाटावर बसून शेंगा सोलत होती. ते पातेलं तिने झाडाखाली पुरलं आणि मामाला सांगितलं, भांडीवालीला दिलं. त्या दिवसापासून मीठ आणि साखर तिच्या जिभेला सारखीच. दोन्ही नुसती वाळू. डॉक्टरला विचारायचं म्हणजे ते तोंडाने बोलायला हवं. ते तिला जमेना. सुताराने कुणाला सांगावं, की मला लाकूड दिसत नाही?

तरी तिचा हात होता. मुठीत किती मावतं, चिमटीत किती राहतं, हे बोटांना पाठ होतं. आणि घरात मामा होता. पहिला घास त्याच्या तोंडात गेला की ती विचारायची, "मीठ?" तो म्हणायचा, "बेताचं." एवढ्या एका शब्दावर तिने सगळं वर्ष रेटलं होतं. हात शाबूत आहे, तर जीभ नसली म्हणून कुणाला काय कळणार?

पण बंदरावर आल्यापासून तिचा धीर सुटत चालला होता. उतारावरून खाली येताना बसमधल्या सगळ्यांनी नाकं मुरडली, मासळीचा वास आला म्हणून. काकीनेही मुरडलं, पण जरा उशिरा. समोर एवढं मोठं पाणी, बोटी, जाळी, डिझेल, आणि तिला ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसत होतं.

जेवण मात्र असं, की ज्याला जीभ आहे त्याने तिथून उठू नये. लिंबू पिळून भाजलेला मासा. लोण्यात परतलेले बटाटे. कांदा आणि लसूण घालून शिजवलेल्या शिंपल्या, आणि त्यांचा रस टिपायला गरम पाव. मामा खायचा आणि डोळे मिटायचा. आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी मध्येच थांबायची, नुसते चमचे वाजायचे. काकी मात्र मामाच्या तोंडाकडे बघून खात होती. तो मान डोलवायचा तेव्हा ती डोलवायची. तो थांबला, की ती पाणी प्यायची. मग उठायची, टेबलावरचे कण ओंजळीत गोळा करायची, बाहेर जाऊन धक्क्यावर फेकून यायची. वाढणारी बाई हसून म्हणाली, "काकी, तुम्ही पाहुण्या आहात की तपासायला आलात?"

"सवय गं. बसून जेवले की मला चोरी केल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादने दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं. खोली लांबट, फरशी धुतलेली, खिडक्या बंदराकडे उघडणाऱ्या. एका मोठ्या पातेल्यात माशांचं सूप रटरटत होतं. वस्ताद स्टुलावर एक पाय लांब करून बसला होता. त्याने पळी बुडवली, दोन वाट्या भरल्या.

"काकी, सांगा. काय कमी आहे?"

काकीने घोट घेतला. गरम होतं, एवढं कळलं. तिने पातेल्यात डोकावलं, वाफेकडे बघितलं, पळीवरून रस कसा ओघळतो ते बघितलं. वस्ताद वाट पाहत होता. तिने वाटी मामाकडे सरकवली.

"ह्यांना विचार. इतकी वर्षं माझी जीभ म्हणजे हेच."

मामा खूश झाला. त्याने ऐटीत घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"झकास! मीठ अगदी बेताचं."

वस्ताद मांडी थोपटून हसायला लागला. "अहो मामा! मीठ अजून घातलंच नाही त्यात! ते मी शेवटी घालतो, काकींनीच शिकवलंय!"

मामाही हसला. हसता हसता त्याची नजर काकीवर गेली आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं. ती त्याच्याकडे बघत होती, जशी माणसं भिंतीला गेलेल्या नव्या तड्याकडे बघतात.

ती पदराला हात पुसत बाहेर पडली. मामा मागोमाग. धक्क्याच्या टोकाशी पोचल्यावरही ती थांबली नाही. तिथेच येरझाऱ्या घालत राहिली.

"घरी कसं असायचं?"

"काय?"

"जेवण. हे वर्षभर. खरं सांगा."

मामाने टोपी काढली, पुन्हा घातली. "कधी खारट. कधी अळणी. एकदा भातात साखर होती."

"आणि तुम्ही खाल्लात?"

"खाल्ला. खिरीची आठवण झाली."

"थट्टा नको!"

"अगं, मला वाटलं तुझा हात रुसलाय. कारखानाभर माणसांची सवय त्याला, आणि पुढ्यात मी एकटा. मोठी भांडी बघितली की हात पुन्हा माणसांत येईल, म्हणून तर तुला इकडे घेऊन आलो."

"हात नाही रुसला." ती थांबली. "जीभच गेली माझी. त्या तापात. नाकही. मला मीठ लागत नाही, साखर लागत नाही, ह्या समुद्राला कसला वास येतो ते कळत नाही."

मामा दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत? तुमच्या त्या एका शब्दावर मी उभी होते. उद्या ह्याच हाताच्या जोरावर मी त्या बाईला फसवणार होते, आणि माझ्या हातात काही राहिलंच नाही हे तुम्हाला माहीत होतं!"

"तापाच्या आधी काय म्हणायचो? तेव्हाही बेताचंच म्हणायचो."

"म्हणजे तेव्हाही खोटं?"

"तेव्हा खरं होतं," मामा म्हणाला. "म्हणून तर तोंडात बसलं."

एक बोट निघाली, तिच्या लाटेने बाकीच्या बोटी हलल्या आणि सगळे दोर एकदम करकरले. काकीने डोळे पुसले नाहीत, वारा पुसेल म्हणून तशीच उभी राहिली. मग वळली आणि सरळ मालकीणबाईंच्या टेबलाशी गेली.

"बाई, उद्याचा स्वयंपाक मी करणार नाही. माझ्या तोंडाला चव राहिलेली नाही. वस्तादला हे माहीत नव्हतं, त्याला बोल लावू नका."

मालकीणबाई म्हणजे पायात सदा वहाण आणि तोंडी फक्त कामाचं बोलणं, अशी बाई. तिने मान वर केली, काकीला नीट बघितलं. "वाईट झालं," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. "मला आचारी हवा. पण मासे साफ करायला, भाज्या चिरायलाही माणूस लागतंच. खोली मागची मिळेल. बघा."

मामाच्या चेहऱ्यावर आशा आली. काकीने ती बघितली, आणि तिला त्याची कीवही आली. पण ती म्हणाली, "जन्मभर मी चिरणाऱ्यांवर ओरडले, बाई. आता ओरडून घ्यायला कशी येऊ?"

मालकीणबाई हसली. "मग नका येऊ. पण आज जेवून जा."

"तुमचं जेवण माझ्यावर वाया जाईल."

वस्तादने ऐकलं नाही. लंगडत आला आणि केळीच्या पानात बांधलेलं पुडकं मामाच्या हातात कोंबलं. काकीच्या पायाला हात लावायला वाकला, तर गुडघ्याने अर्ध्यातच अडवलं. "राहू दे रे," ती म्हणाली, "दोघांचंही काहीतरी गेलंच आहे."

बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. काकी उठली, रस्ता बघून आली, बसली, पुन्हा उठली. मामाने पुडकं सोडलं. भाजलेला मासा, पाव, आणि एका डबीत कसलीशी लाल चटणी. त्याने एक घास केला आणि हात तसाच राहिला. एकट्याने खायची लाज वाटली.

"खा की," काकी म्हणाली. "आणि सांगा."

"काय सांगू?"

"मला काय लागलं असतं ते."

मामाने घास तोंडात घातला. आयुष्यात कुणी त्याला असं विचारलं नव्हतं. त्याने खूप वेळ चावलं. "आधी धूर लागतो," तो हळूच म्हणाला. "ओल्या लाकडाचा नाही. वाळलेल्या."

"मग?"

"मग आंबट. पण लिंबू वर आहे, आत नाही पोचलं."

"पिळायची घाई केली असणार. मग?"

"तिखट नाही... थांब. आहे. आधी दारात उभं राहतं, बोलावलं की आत येतं." तो कपाळ पुसत म्हणाला. "आणि मीठ जरा जास्तच झालंय गं."

काकी बाकावर टेकली. बस आली, कंडक्टरने दार उघडून घाई केली. "येताय का, आजी?"

"थांब जरा," काकी म्हणाली. "हे अजून चटणीपर्यंत पोचले नाहीत."