हरकत आणि उरलेला चहा

एक शब्द वाळवंट आणि समुद्र ओलांडून येतो आणि देशोदेशींच्या माणसांना जोडतो. गडचांदूरजवळच्या माझ्या मावशीच्या गावात अशा एका शब्दाने तिच्या शेताची पांदण तोडली.

शब्द ‘हरकत’. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. तुर्की भाषेत गाडी सुटते त्यालाही हाच शब्द आहे. हिंदीत येईपर्यंत तो बिघडला आणि पोरांच्या चाळ्यांना लागला. मराठीत त्याला सरकारी नोकरी मिळाली. इथे हरकत मागवतात, नोंदवतात आणि फेटाळतात. तिच्यात हालचाल म्हणून उरलेली नाही.

चुनखडीची खाण वाढवायची होती. वाढीव हद्दीत मावशीची पांदण जात होती. तिच्या कापसाच्या वावरात बैलबंडी जायला तेवढीच वाट. त्यासाठी जनसुनावणी ठेवली. मांडव, गाद्यांच्या खुर्च्या, हार. जमीन खणायची परवानगी मागायला आलेल्या लोकांनी आधी एकमेकांना रोपटी भेट दिली. मग सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब पर्यावरणावर बोलले. ते इतकं बोलले की रोपटी माना टाकू लागली.

शेवटी साहेब म्हणाले, “कोणाची काही हरकत?”

त्याच वेळी चहा आला.

मावशीच्या गावात बैठकीत न पटलेली गोष्ट कुणी तोंडाने बोलत नाही. समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणं हलकटपणा समजतात. चहा घ्यायचा नाही, उठायचं आणि निघायचं. एवढ्यावर ठरत आलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत, आणि कारण कुणाला विचारावं लागलेलं नाही.

मावशी पहिली उठली. पदर सावरला, चहाच्या ट्रेला वळसा घातला आणि चालू लागली. तिच्यामागे बाया, मग माणसं. मांडव रिकामा झाला. इतकी ठाम हरकत मी आयुष्यात पाहिली नव्हती.

खाणीचा अधिकारी वैतागला. “ये क्या हरकत है? चाय तो पी लेते!”

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, “लिहा, हरकत नाही.”

मी उठलो. “साहेब, ते उठून गेले ते नको म्हणूनच गेले. इकडची रीत आहे ती.”

“तुम्ही कोण?”

“त्या पहिल्या बाईंचा भाचा.”

“इथे जमीन आहे तुमची?”

“नाही. मी चंद्रपूरला राहतो.”

“मग तुम्ही बाधित नाही. बसा, चहा घ्या.”

मी बसलो नाही. त्याचीही नोंद झाली नाही.

मावशी घरी निवांत भाजी निवडत होती. मी म्हणालो, “मावशे, तू काही बोलली काऊन नाई?”

“बोलू कायले? उठून आली नं मी! च्या बी नाई घेतला. याच्यावर आणखी काय सांगाव लागते माणसाले?”

“त्याईनं लिवलं, गावाची हरकत नाई म्हणून.”

तिचा हात थांबला. “आंधये होते काय मेले? अख्खा मांडव उठला नं त्याईच्यासमोर!”

“लेखी पाहिजे होतं म्हणते ते.”

“सोयरिकीले आलेल्याले आपण लेखी देतो काय रे?”

मी कागद-पेन काढलं. आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला, तिने अंगठा न लावता ठसठशीत सही केली. ‘सुनावणीवेळी हरकत न आल्याने’ तो परत आला. खाली सही करणाऱ्याचं पद नावापेक्षा लांब होतं.

कापूस वेचणीला आला तेव्हा पांदणीवर तारेचं कुंपण होतं. आता मावशीची बंडी सिमेंटच्या ट्रकांच्या रांगेत, मोठ्या सडकेने, धूळ खात वळसा घालून जाते. वावरात पोचेपर्यंतच, पांढरा कापूस बंडीत भरायच्या आधी, बैल पांढरे होतात.

वाढीव खाणीच्या उद्घाटनाला गावाला आग्रहाचं निमंत्रण होतं. साहेब आले, रोपटी आली, देशाच्या प्रगतीवर भाषण झालं. मावशीच्या गावातून कुणी फिरकलं नाही.

चहा पुन्हा उरला.