पांढरा पट्टा आणि दोन बाण

शेगावात माझ्या मामाचं लॉज आहे. गेल्या दसऱ्याला मी लॉजची वेबसाइट करून दिली, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मामानं लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मराठी पानावर खोल्यांचे फोटो सरकताना पाहिले आणि सगळ्यांना पेढे वाटले. पूजा झालेल्या कामात खोट काढायची आमच्याकडे पद्धत नाही. मीही दुसरी पानं उघडून पाहिली नाहीत.

परवा सहज ‘हिंदी’वर बोट लागलं. फोटोंच्या जागी नुसता पांढरा पट्टा, दोन्ही टोकांना दोन बाण. इंग्रजीतही तेच! वर्षभर! फोटो लहान केले, पुन्हा चढवले, दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहिलं, घरच्यांवर खेकसलो. तिसऱ्या दिवशी कळलं, स्लाइडशो प्रत्येक भाषेच्या पानावर वेगळा लावावा लागतो आणि मी तो फक्त मराठीला लावला होता. गाढवपणा माझाच. माझ्यापायी किती यात्रेकरू दुसरीकडे गेले असतील, कोण जाणे.

कबुली द्यायला काउंटरवर गेलो. मध्य प्रदेशातलं एक कुटुंब रजिस्टरमध्ये नाव लिहीत होतं. वेबसाइट पाहिली होती का, असं मी त्यांना विचारलं.

“कौन सी वेबसाइट? हमें तो स्टेशन से ऑटोवाला लाया.”

मग मी मामाला सगळं सांगून टाकलं. मामानं रजिस्टरवरून मानसुद्धा वर केली नाही.

“राहू दे ते. बाहेरच्या बोर्डावर धूळ बसली, तेवढी पुसून दे मले.”